कलावतीच्या गळ्याची शपथ

ठाण्याजवळच्या दिवा गावात पाण्याचा टँकर कुठल्या गल्लीत किती वेळ थांबणार, हे कलावतीला विचारल्याशिवाय ठरत नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवायच्या आधी तिच्या खिडकीकडे बघतो. पडदा हलला की पाइप सोडतो. एकदा कुणा दादाच्या माणसाने टँकर परस्पर नव्या बिल्डिंगकडे वळवला, तर ही बाई हंडा घेऊन चाकापुढे बसली आणि म्हणाली, "ने आता. माझ्यावरून ने, म्हणजे पेपरात फोटो तरी नीट येईल." टँकर मागे आला.

ती मूळची कळव्याची. बाप मिठागरावर राबला, आई खाडीची मच्छी विकायची. शाळा नववीत सुटली ती सुटलीच. लग्न होऊन दिव्यात आली तेव्हा सासरी भाताची खाचरं होती, मागच्या दाराशी बेडूक ओरडायचे. मग खाचरं गेली, त्या जागी इमारती आल्या, त्यातली एक नवऱ्याची, जगनची. खाली विटा-रेतीचा धंदा, मधे भाडेकरू, वर घर. इंग्रजी अर्ज कसा वाचायचा, माहितीच्या अधिकारात काय विचारायचं, ठाण्याच्या ऑफिसात कुठल्या टेबलापुढे आवाज चढवायचा आणि कुठल्या टेबलापुढे नाही, हे सगळं ती आपलं आपण शिकली. कोणी शिकवायला आलं तर तिला रागच यायचा.

लोक आपल्या तोंडाला घाबरतात याचा तिला अभिमान होता. फक्त घरातला मुलगाही लोकांतच मोडतो, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

मुलगा एकच, हर्षित. दहावी झाली आणि चुलत बहिणीचं, दिशाचं लग्न निघालं. आगरी घरात लग्नापेक्षा हळद मोठी. मांडव, डीजे, मटणाचे टोप, आणि मांडवाच्या मागे टेबल. त्या टेबलावर काय असतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. टेबल लहान राहिलं तर यजमानाची इज्जत जाते, म्हणून कर्ज काढून ते मोठं करणारेही गावात आहेत. दिशाचा भाऊ सुमित, हर्षितपेक्षा चारेक वर्षांनी मोठा, त्या टेबलावर वाढपी होता. त्याने हर्षितच्या हातात ग्लास दिला. का दिला? तर बहिणीची हळद आहे, भाऊ मोठा झालाय, म्हणून.

हर्षित मोरीत ओकत होता तेव्हा जगन दाराशी उभा राहून हसत होता.

"हळदीला चालतंय गो. आम्हीपण असेच शिकलो."

"काय शिकलास? ओकायला?"

"तू ना, कशाचाही मोर्चा करते."

सकाळी चहा झाल्यावर कलावतीने मुलाला समोर बसवलं. डोकं दुखत होतं त्याचं, लाजही वाटत होती. तेव्हा तिने विचारलं असतं तर त्याने सगळं सांगितलं असतं, की ग्लास कसा हातात आला, नको कसं म्हणता आलं नाही, कडू लागूनही मजा कशी वाटली. पण तिने विचारलं नाही. मोर्चेवाल्या बाईला चर्चा नको होती, लेखी आश्वासन हवं होतं. तिने त्याचा हात धरला आणि आपल्या गळ्यावर ठेवला.

"बोल. आईच्या गळ्याची शपथ, परत हात लावणार नाय."

"आई, एवढं काय..."

"बोल."

तो बोलला. हात काढून घेताना त्याची बोटं थरथरत होती. कलावतीला वाटलं, दारूमुळे असेल.

त्यांच्या घरात शपथ हा आधी खेळ होता. 'पेरूवर चढशील तर माझी शपथ' असं ती हसत म्हणायची आणि पोरगा आधीच चढून आलेला असायचा. मग तो स्वयंपाकघरभर तिच्या मागे मागे. "आई, सुटली म्हण ना. म्हण ना सुटली." घातलेली शपथ ज्याने घातली त्यानेच सोडायची, गळ्याची कातडी चिमटीत धरून 'सुटली' म्हणायचं, तोपर्यंत शपथ मोडणाऱ्यापायी ज्याच्या गळ्याची ती घातली त्याचं काही खरं नाही, असा पोरांचा कायदा. कलावती मुद्दाम ताणायची, पोरगा रडवेला व्हायचा, मग ती चिमटीत गळा धरून म्हणायची, "सुटली बाबा, सुटली." आणि तो उड्या मारत पळायचा.

या वेळच्या शपथेला खेळ कोणी म्हणणार नव्हतं. तिने ती देवघरातल्या अंगाऱ्यासारखी जपली. टँकरच्या रांगेत बायकांना सांगितलं, जावेला सांगितलं, "माझ्या पोऱ्याने गळ्यावर हात ठेवून शपथ घेतलीय. बाकीच्यांनी आपापली पोरं बघा." सासू कमळाबाई तेवढी कुरकुरली. "गल्याची शपथ इतकी मोठी घालू नये गो बाय. पोर हाय. पाय घसरला मंजे कुठं जाईल तो?"

"घसरायचाच नाय," कलावती म्हणाली, आणि विषय मिटला. तिने मिटवला की मिटतोच.

हर्षित कॉलेजात जायला लागला. ठाण्याचं कॉलेज, नवे मित्र. दिवाळीच्या आसपास कलावतीच्या पोटात असह्य कळा आल्या. पित्ताचे खडे निघाले, ऑपरेशन झालं. ती घरी आली तेव्हा पोरगा तिच्या खाटेजवळ येईना. दारातून विचारायचा, "बरी आहेस ना?" आणि जायचा. तिला वाटलं, वयच असं असतं. नंतर त्याचे मार्क घसरले, खोलीचं दार बंद राहू लागलं, तोंडाला बडीशेपेचा वास. हा वास कशावर पांघरूण घालतो ते दिव्यातली प्रत्येक बाई ओळखते. कलावतीनेही ओळखला आणि स्वतःला सांगितलं, शपथ घेतलीय त्याने. माझ्या गळ्याची.

मार्चमध्ये, भर दुपारी, सुमितचा फोन आला.

"काकी, हर्षितला ऊन लागलंय. चक्कर आली. मी रिक्षात घातलाय, कळव्याच्या दवाखान्यात नेतोय. तू ये."

"ऊन? कुठल्या उन्हात होता तो?"

फोन बंद. परत लावला तर स्विच ऑफ.

ती पोचली तेव्हा सुमित पळालेला होता आणि हर्षित खाटेवर होता. डोळे अर्धे मिटलेले, ओठ सुकलेले, हाक मारली की 'हं' म्हणायचा आणि परत बुडायचा. तरुण डॉक्टर त्याच्या गालावर थापटत विचारत होता, "काय घेतलंस? नाव सांग. नाव माहीत नसेल तर रंग सांग."

"काय नाय. वडापाव बाधला."

"बियरचा वास येतोय. त्याच्याबरोबर काय घेतलंस?"

"काय नाय."

डॉक्टरने कलावतीला बाजूला घेतलं. "त्याचा श्वास मंद होतोय. नुसत्या बियरने असं होत नाही. गोळी आहे कसली तरी, किती आहे आणि कसली आहे ते कळलं तर आम्हाला नेमकं करता येईल. तोपर्यंत आम्ही अंदाजावर चाललोय."

कलावती खाटेशी गेली आणि तिला जे येत होतं तेच तिने केलं. आवाज चढवला. "हर्षित, सांग काय घेतलं. खरं बोल. शपथ घेतली होतीस ना माझी?"

पोराने डोळे उघडले आणि तिच्याकडे बघितलं. भिंतीला टेकलेल्या कुत्र्याच्या पिल्लासारखं बघितलं. मग मान फिरवली.

"बाई, तुम्ही बाहेर थांबा जरा," डॉक्टर म्हणाला. आजवर तिला ऑफिसातून बाहेर काढायला दोन शिपाई लागायचे. आज ती एका वाक्यात बाहेर गेली.

जगन विटांच्या धुळीने माखलेला धावत आला. दोघं दाराशी उभे. थोड्या वेळाने डॉक्टर आला. त्याच्या चेहऱ्यावर चीड नव्हती, गोंधळ होता.

"तो काहीच सांगत नाही. उलट मलाच विचारतोय. सारखं एकच. 'मी सांगितलं तर आईला काय होईल?' म्हणतो, 'दिवाळीत पण माझ्यामुळेच झालं.' दिवाळीत काय झालं होतं?"

"माझं ऑपरेशन," कलावती म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिला कळलं.

दारातून 'बरी आहेस ना' विचारणारा पोरगा. थरथरणारी बोटं. त्याने शपथ दिवाळीच्या आधीच मोडली होती. मोडली, आणि काही दिवसांत आई पोट धरून जमिनीवर पडली. त्याच्या हिशेबी त्यानेच पाडली. हे कोणाला सांगणार? आईला? जिच्या गळ्याची शपथ, तिलाच? मग ती भीती विसरायला तो परत प्यायला, आणि प्यायला म्हणून जास्त भ्यायला. आत्ता या खाटेवर त्याचा श्वास अडकत होता आणि तो आईचा जीव वाचवत होता.

जगन म्हणाला, "मी विचारतो त्याला. दोन ठेवून देतो, बोलेल."

"तू इथेच थांब," कलावती म्हणाली. "मी बोलवलं नाय तर आत यायचं नाय."

ती आत गेली. खाटेच्या कडेला बसली. पोराचा हात उचलला, गार होता. तो हात तिने आपल्या गळ्यावर ठेवला. त्याने ओढून घ्यायचा प्रयत्न केला, ताकद नव्हती. तिने त्याच्या बोटांची चिमूट केली, त्यात आपल्या गळ्याची कातडी धरली आणि हळूच म्हणाली, "सुटली."

त्याचे ओठ हलले.

"ऐक. सुटली. मी घातली होती, मीच सोडतेय. दिवाळीतले खडे माझ्या पोटात दहा वर्षांपासनं होते, तळलेलं खाऊन झालेले, डॉक्टरनेच सांगितलेलं. तू नाय केलंस. मला काय होत नाय. बघ, बसलेय ना तुझ्यासमोर? सुटली, हर्षू. सुटली बाबा."

'बाबा' म्हटल्यावर तो रडायला लागला, लहानपणी स्वयंपाकघरात तिच्या मागे फिरताना व्हायचा तसाच रडवेला. आणि रडता रडता सांगितलं. बियर आणि गोळ्या. सुमितच्या दोस्ताने दिल्या होत्या, झोपेच्या असतात म्हणाला, टेन्शन जातं म्हणाला. पाकीट बुटात आहे, डाव्या. डॉक्टरने बूट काढला, चुरगळलेलं पाकीट उलगडून नाव वाचलं आणि नर्सला भराभरा काहीतरी सांगितलं. यानंतर त्या खोलीत सगळे जण घाईने पण न ओरडता काम करत होते. कलावती एका कोपऱ्यात उभी राहून बघत राहिली. अशा कामाचा तिला अनुभव नव्हता.

संध्याकाळी हर्षितने डोळे नीट उघडले आणि पाणी मागितलं. जगन दाराबाहेर जिन्यात बसून तोंडावर रुमाल धरून रडला, म्हणाला धूळ गेली. सुमित आला, जिन्याच्या खाली उभा राहिला. वर यायची हिंमत होईना. कलावतीने वरून त्याला बघितलं. तिच्याकडे त्याच्यासाठी तोंडभर शिव्या तयार होत्या, दुपारपासून साठवलेल्या.

"सुम्या," ती म्हणाली, "फोन बंद करून पळालास त्याचं मी नंतर बघीन. पण रिक्षात घालून आणलास. ये, बस वर."

ठाण्याला देवयानीबाई नावाच्या समुपदेशक आहेत. डॉक्टरनेच नाव सांगितलं. कलावती गेली ती भांडायच्या तयारीने. एसी खोली, कुंडीत शेवंती, पुण्याचं शुद्ध मराठी. तिला आधीच सगळं नकोसं झालं.

"तुम्ही आम्हाला पोर कसं वाढवायचं ते शिकवणार असाल तर..."

"नाही," देवयानीबाई म्हणाल्या. "ते तुम्हाला येतं. त्याने कोणाला वाचवायला तोंड बंद ठेवलं होतं, ते मी ऐकलंय. इतका जीव लावणारं पोर कुठून आलं असेल?"

कलावतीची धार गेली. ती खुर्चीत नीट बसली.

बाईंनी मग बरंच सांगितलं, काही पटलं, काही नाही. शपथ नको म्हणाल्या, कारण मोडली की लपवावीच लागते. नियम असू द्या. नियम मोडला तर काय होणार ते आधी सांगा, आणि तेवढंच करा, जास्त नाही. मोबाइल काढून घ्यायचा तर काढून घ्या, जेवण आणि माया काढून घेऊ नका. प्यायलेल्या पोराला प्रश्न विचारू नका, त्याला सुखरूप घरी आणा, प्रश्न सकाळी. "आणि 'कोण होतं बरोबर' याच्या आधी 'काय झालं होतं' हे विचारा."

"आणि ओरडायचं कधी?" कलावतीने विचारलं. अगदी गंभीरपणे.

"सकाळी. थोडंसं," देवयानीबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

जगनलाही एका बैठकीला जावं लागलं. तिथून आल्यावर त्याने एका रविवारी दिवाणखान्यातलं शोकेस उघडलं. बिल्डर लोकांनी भेट दिलेल्या बाटल्या त्यात रांगेने उभ्या होत्या, पाहुण्यांना दिसाव्यात म्हणून. त्याने सगळ्या खाली नेऊन गटारात ओतल्या. एक तेवढी सापडली नाही. ती कमळाबाईने केव्हाच रिकामी करून तिच्यात खोबरेल भरलं होतं.

"मंग काय, तशीच ठेवू?" सासू म्हणाली. "बाटली चांगली हाय."

हर्षित दर आठवड्याला ठाण्याला जायचा. पहिल्यांदा आईबरोबर, मग एकटा. गोळ्या बंद झाल्या, त्याबद्दल डॉक्टरची खात्री होती. बियरचं तो स्वतःच म्हणाला, "आई, खोटं नाय बोलणार. मन होतं कधीकधी." हे ऐकूनही कलावतीने पोळी लाटणं चालू ठेवलं आणि विचारलं, "कधी होतं?" तो सांगत राहिला, ती लाटत राहिली. त्या दिवशी पोळ्या फार झाल्या.

नियम एक ठरला होता. कुठेही असो, काहीही घेतलेलं असो, आईला सांगायचं. ती न्यायला येईल. रस्त्यात एक शब्द बोलणार नाही.

पुढच्या मे महिन्यात कळव्याला भावाच्या मुलीची, अक्षदाची हळद. कलावती आत्या. आगऱ्यांत आत्याचा मान मोठा, पहिली हळद तिच्या हाताची. मांडव भरलेला, लग्नाची गाणी सांगणारी धवलारीण जात्याजवळ बसून गाणं म्हणत होती, बायका तिच्या मागे सूर ओढत होत्या. कलावतीने वाटीत बोटं बुडवली, अक्षदाच्या गालाला हळद लावली, आणि आता हात-पाय करायचे तेवढ्यात कोणीतरी तिचा पदर ओढला.

बायकांच्या घोळक्यात हर्षित वाकून उभा होता. डोळे लाल. तिच्या कानाशी आला. वास आला.

"आई, एक झाली. मामाच्या पोरांनी भरली, मी घेतली. दुसरी भरलीय टेबलावर. घरी चल."

कलावतीचा हात वाटीवर थांबला. समोर भाऊ, भावजया, चुलत्या, सगळं माहेर. तिच्या तोंडाची कीर्ती या माहेरातूनच सुरू झालेली. आत्या हळद अर्धी टाकून उठली, तर वर्षभर विषय पुरेल. क्षणभर तिला वाटलं, म्हणावं, 'थांब जरा, इथेच बस.' आणि तिला ठाऊक होतं की 'थांब जरा' म्हटलं तर तो थांबणार नाही, टेबलाकडे जाईल, आणि परत कधी सांगायला येणार नाही.

तिने वाटी धाकट्या भावजयीच्या हातात दिली. "तू कर पुढचं."

"अगं, कुठं चाललीस? आत्याशिवाय हळद?"

खोटं बोलायला सोपं होतं. डोकं दुखतंय, बीपी वाढलंय. "पोऱ्याने सांगितलं घरी चल," ती म्हणाली. "त्याने एक घेतलीय आणि मला येऊन सांगितलंय. म्हणून निघतेय."

गाणं थांबलं नाही, धवलारीण असल्या गोष्टींना थांबत नाही. पण दोनतीन बायकांनी आपापल्या पोरांना शोधायला माना वळवल्या, ते कलावतीने जाताना बघितलं. मोठ्या वहिनीचा चेहरा पडला होता. पडू दे. अक्षदा मात्र पिवळ्या गालांनी हसली आणि तिने हर्षितकडे बघून मान हलवली, जा म्हणून.

रिक्षा मुंब्र्याच्या वळणाला लागली. कलावती बाहेर बघत होती. बोटांवरची हळद सुकून तडकत होती. तोंडात इतकं साठलं होतं की जबडा दुखायला लागला.

"बोल ना काहीतरी," हर्षित म्हणाला.

"उद्या."

"ओरडणार?"

"ओरडणार. मोबाइलपण आठवडाभर माझ्याकडे. ठरलंय ते."

"हां. ठरलंय." थोड्या वेळाने, "चहाच्या आधी की नंतर?"

"नंतर. चहा तूच करायचा."

तो हसला आणि त्याने डोकं तिच्या खांद्यावर टाकलं. झोपला. कलावतीने कान देऊन त्याचा श्वास ऐकला, कळव्याच्या दवाखान्यात ऐकला होता तसा. नीट चालला होता, जरा घोरतच होता. तिने त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले, तिथे पिवळा पट्टा उठला. मग उद्या सकाळी काय काय बोलायचं ते ती मनात जुळवायला लागली. पुष्कळ होतं, मुद्दे जोरदार होते. शीळफाट्यापर्यंत त्यातलं निम्मं ती विसरून गेली.